आडनाव नव्हे, गाव शोधा: नाशिकमधून पूर्वजांचा माग काढताना

पणजोबा नाशिककडचे होते, एवढंच घरात माहीत आहे; पुढे शोध कसा घ्यायचा, असं विचारणारी पत्रं वाचकांकडून सतत येतात. लिहिणाऱ्यांत चार पिढ्या इंदूरला किंवा बडोद्याला काढलेली कुटुंबं असतात, गिरणीत नोकरीला म्हणून मुंबईला आलेल्यांची नातवंडं असतात आणि अमेरिकेत वाढलेली मुलंही असतात. प्रश्न निरनिराळे असले तरी गैरसमज बहुधा दोनच असतात. रामकुंडावर जाऊन आडनाव सांगितलं की पेशवाईपर्यंतची वंशावळ हातात पडते, हा पहिला. सरकारदरबारी कुठेतरी आपल्या घराण्याची सगळी माहिती एकत्र ठेवलेली असते, हा दुसरा.

नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांमध्ये आणि तहसील कचेरीच्या दप्तरात खरोखर मोठा ठेवा आहे. पण या दोन्ही ठिकाणी तो आडनावाने लावलेला नाही, गावाने लावलेला आहे. म्हणून तुमचं पहिलं काम पूर्वजांचं नाव शोधण्याचं नाही, त्यांचं गाव नक्की करण्याचं आहे.

आधी घर धुंडाळा

नाशिकचं तिकीट काढण्यापूर्वी आठ-पंधरा दिवस घरासाठी द्या. सगळ्यात वयस्क माणसाकडे आधी जा, आणि त्यांच्याकडे वंशावळ मागू नका. लग्नं कुठे झाली, सुट्टीत कुणाच्या घरी जायचे, कुलदैवताला कुठल्या वाटेने जायचे, जमिनीवरून भांडण कुणाशी होतं, हे विचारा. गावाचं नाव अशा गप्पांतूनच निघतं.

मग या गोष्टी पाहा:

- पितळी-तांब्याची जुनी भांडी. लग्नातल्या आहेराच्या भांड्यांवर देणाऱ्याचं नाव, गाव आणि कधीकधी तारीख कोरलेली असते. हंडा उलटा करून बुडाजवळची आणि गळ्याजवळची अक्षरं वाचा, फोटो काढून ठेवा. कागद वाळवीने खाल्लेल्या घरांत अनेकदा एवढाच लेखी पुरावा उरलेला असतो.
- श्राद्धाच्या संकल्पातली नावं. वडील, आजोबा, पणजोबा. आई, आजी, पणजी. शिवाय आईच्या वडिलांकडची मंडळी, अशी नावं त्यात घेतात. घरात जे श्राद्ध करत आले त्यांना ती पाठ असतात किंवा पंचांगाच्या मागच्या पानावर टिपलेली असतात.
- शाळा सोडल्याचे दाखले, नोकरीचं सेवापुस्तक, जुन्या लग्नपत्रिका, खरेदीखतं, सोसायटीच्या कर्जाच्या पावत्या.
- कुलदैवत, देवक, गोत्र. यावरून गाव ठरत नाही, पण एकाच आडनावाची दोन घराणी वेगळी करायला यांचा फार उपयोग होतो.

छापलेला कुलवृत्तान्त आहे का, तेही विचारा. कोकणस्थ, देशस्थ, सीकेपी आणि काही मराठा घराण्यांचे असे ग्रंथ निघालेले आहेत. तुमची शाखा त्यात नसली तरी मूळ गावं मिळतात. कोल्हापूर-सांगलीकडचं मूळ असेल तर हेळवी लोकांची चौकशी करा. घराण्यांच्या पिढ्या सांगत गावोगाव फिरणं हा त्यांचा परंपरागत व्यवसाय आहे.

गाव नेमकं कोणतं?

‘पिंपळगाव’ एवढ्यावर भागत नाही. नाशिक जिल्ह्यातच पिंपळगाव बसवंत, पिंपळगाव खांब, पिंपळगाव डुकरा अशी कितीतरी पिंपळगावं आहेत. बुद्रुक की खुर्द, शेजारची गावं कोणती, बाजाराला कुठे जायचे, हे नक्की करा. तालुका आजचा धरू नका. जुन्या कागदात मौजे, तर्फ आणि परगणा येतो. चांदवडला ‘चांदोर’ म्हटलेलं दिसेल. मोगलाईच्या काळातल्या कागदात ‘गुलशनाबाद’ आलं तर ते नाशिकच. शिवाय नाशिक हा स्वतंत्र जिल्हा १८६९ साली झाला. त्याआधीचा मुलूख अहमदनगर आणि खानदेश यांच्यात विभागलेला होता, त्यामुळे त्याआधीचे कागद नाशिकच्या नावाने शोधलेत तर हाती काही लागणार नाही.

आडनावावर विसंबणं सगळ्यात धोक्याचं. पाटीलकी मिळाली की ‘पाटील’, कुलकर्ण गेलं की पुन्हा मूळ आडनाव, दुसऱ्या गावी स्थायिक झालं की मागच्या गावाला ‘कर’ जोडून नवं आडनाव. सख्ख्या भावांच्या वंशात तीन आडनावं चालू असलेली घरं महाराष्ट्रात भरपूर आहेत. उलट, आडनाव एकच म्हणून दोन घराणी एक असतीलच असंही नाही.

हा गुंता फक्त आपल्याकडचा नाही. एकोणिसाव्या शतकात नॉर्वेतून लाखो शेतकरी अमेरिकेत गेले. त्यांच्याकडे बापाच्या नावावरून दुसरं नाव बने आणि पुढे ज्या शेतवाडीवर राहत तिचं नाव लागे; वाडी बदलली की नावही बदलायचं. आज मिनेसोटातला त्यांचा वंशज शोध घेतो तो वाडीच्या आणि चर्चच्या हद्दीच्या नावानेच. त्याला एक सोय मात्र आहे, जी आपल्याला नाही. नॉर्वेने चर्चच्या नोंदवह्या आणि १८६५, १९००, १९१० सालच्या जनगणनेतली माणसांची नावं इंटरनेटवर फुकट खुली केली आहेत. आपल्याकडे जनगणनेतली वैयक्तिक माहिती १९४८ च्या कायद्याने गोपनीय आहे. तेव्हा जनगणना कार्यालयात खेटे घालू नका.

मॉरिशसमधल्या मराठी कुटुंबांची अडचण अशीच आहे. १८३४ पासून गिरमिटावर गेलेल्या माणसाचं पहिलं नाव तिथे पुढच्या पिढ्यांचं आडनाव होऊन बसलं, आणि तेही फ्रेंच-इंग्रज कारकुनाच्या कानाला ऐकू आलं तसं. त्यांनी महाराष्ट्रात येण्याआधी मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेतलं स्थलांतरितांचं दप्तर पाहावं. त्यात माणसाचा क्रमांक, जहाज, वय, वडिलांचं नाव, जात, गाव आणि जिल्हा अशा नोंदी असतात. गावाचं नाव तिथून घेऊनच इकडे या. बहुतेकांची वाट रत्नागिरी-मालवणकडे वळेल, नाशिककडे नाही.

रामकुंडावर नामावळी कशी पाहायची

तीर्थाला आलेल्या यजमानाची नोंद आपल्या वहीत करून घ्यायची, ही नाशिक आणि त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांची जुनी रीत आहे; या वह्यांनाच नामावळी म्हणतात. अस्थिविसर्जन, श्राद्ध, सिंहस्थातलं स्नान, कोणत्याही निमित्ताने माणूस आला की त्याचं गाव, जात, आडनाव, वडील-आजोबा, भाऊ, मुलगे असं लिहून घेतलं जाई. लिहिता येत असेल तर यजमान स्वतःच्या हाताने लेख लिहून देई, की आम्ही अमुक गावचे, अमुक यांना तीर्थोपाध्याय मानलं आहे, आमच्या वंशातल्या कुणी आल्यास यांनाच मानावं. लिहिता न येणारा शेतकरी असेल तर खाली ‘निशाणी नांगर’. बोरूने लिहिलेलं असं एखादं पान समोर आलं आणि त्यात आपल्या खापरपणजोबाने काढलेला नांगर दिसला, तर तो कागद आपल्यासाठी किती मोलाचा आहे ते वेगळं सांगावं लागत नाही.

काम असं करा:

१. पंचवटीत रामकुंडावर गंगा गोदावरी पंचकोटी पुरोहित संघ आहे. तिथे गाव, तालुका, जात आणि आडनाव सांगून तुमच्या गावाचे उपाध्याय कोण, ते विचारा. यजमान गावांप्रमाणे आणि जातींप्रमाणे वाटलेले असतात. घाटावर पहिल्यांदा भेटलेला माणूस तुमचा उपाध्याय असेलच असं नाही.

२. शक्यतो आधी फोन करून, दुपारनंतरची वेळ ठरवून जा. सकाळी घाटावर विधींची गर्दी असते. वह्या बहुतेक वेळा गुरुजींच्या घरी असतात आणि जुनं बाड काढायला वेळ लागतो.

३. मूळ गावाचं नाव आणि निदान एका अशा माणसाचं नाव बरोबर ठेवा, जो नाशिकला आला होता असं घरात सांगतात. अस्थी कुणाच्या आणल्या, कोणत्या साली, हे कळलं तर पान लवकर सापडतं. साल माहीत नसेल तर सिंहस्थाची वर्षं धरा. १९९१, २००३, २०१५ आणि तिथून बारा-बारा वर्षं मागे. १८६५ साली थळ घाटातून रेल्वे सुरू झाली, त्यानंतर मुंबई-कोकणाकडच्या मंडळींचं येणंही सोपं झालं.

४. वह्या वारसाहक्काने वाटल्या जातात. उपाध्यायांच्या घरात वाटण्या झाल्या असतील तर जुनी वही एका भावाकडे आणि नंतरची दुसऱ्याकडे असू शकते. एका घरी नोंद मिळाली नाही म्हणून शोध सोडू नका; आधीची वही कुणाकडे गेली, एवढं विचारून घ्या.

५. नाशिकला न मिळालं तर त्र्यंबकेश्वरला वेगळी चौकशी करा. तिथले उपाध्याय वेगळे, वह्या वेगळ्या. पंढरपूर, पैठण, काशी, गया, प्रयाग याही क्षेत्रांत हीच रीत आहे आणि एकच कुटुंब तीन ठिकाणी नोंदलेलं असू शकतं. या नोंदी एकमेकींशी ताडून पाहिल्या की चुका लक्षात येतात.

दक्षिणेचं आधी स्पष्ट बोला. नामावळी पाहण्यासाठी कोणताही विधी करण्याची सक्ती कुणी करू शकत नाही. पण ही वही सरकारी नाही, त्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या पुरातून, वाळवीतून वाचवलेली खासगी ठेव आहे, हे ध्यानात ठेवून मानाने द्या. फोटो काढण्याआधी परवानगी घ्या. परवानगी मिळाली तर तुमच्या नोंदीबरोबर त्या पानाच्या आधीचं आणि नंतरचं पानही टिपा. भाऊबंद अनेकदा तिथे सापडतात.

आणि उठण्यापूर्वी तुमच्या पिढीची नोंद करून घ्या. मुलींची, सुनांची, अविवाहित बहिणींची नावं आवर्जून लिहायला सांगा. जुन्या पानांवर बाया फक्त कुणाची तरी बायको किंवा आई म्हणून येतात, लेकी तर बहुतेक वेळा येतच नाहीत. हा अन्याय पुढे चालू ठेवण्याचं काही कारण नाही.

पान वाचताना

साधारण गेल्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंतचा मजकूर मोडीत असतो. शब्द सुटे नसतात, ओळीच्या ओळी जोडून लिहिलेल्या असतात. गुरुजी वाचून दाखवतील, पण फोटो घेऊन दुसऱ्या जाणकाराकडूनही वाचून घ्या, कारण मोडीत एका अक्षराच्या फरकाने माणूस बदलतो. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ, धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ आणि नाशिकमध्ये १८४० पासून चालू असलेलं सार्वजनिक वाचनालय इथे विचारलंत तर मोडी जाणणाऱ्यांचा पत्ता लागतो.

काही शब्द नेहमी येतात. ‘रखमाजी बिन हैबती’ म्हणजे हैबतीचा मुलगा रखमाजी. ‘वलद’चाही अर्थ तोच. ‘सगुणा कोम रखमाजी’ म्हणजे रखमाजीची बायको सगुणा.

सालांचा हिशेब असा:

- शकात ७८ मिळवा; पौष ते फाल्गुनातली तारीख असेल तर बहुधा ७९.
- विक्रम संवतातून ५७ किंवा ५६ वजा करा.
- फसली सनात ५९० किंवा ५९१ मिळवा.
- पेशवाईच्या कागदांतल्या शुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवा.

शकाबरोबर संवत्सराचं नाव असेल तर ते पडताळ्याला घ्या. शके १७९५ ला श्रीमुख संवत्सर होतं, म्हणजे १८७३-७४. आकडा पुसट असून फक्त ‘श्रीमुख’ वाचता येत असेल तर साठ वर्षांनी तेच नाव पुन्हा येतं, म्हणजे १९३३-३४ हीसुद्धा शक्यता उरते. कोणती खरी, ते इतर नावांवरून ठरवा.

सगळ्यात जास्त फसगत होते ती नावांच्या पुनरावृत्तीने. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची पद्धत असल्याने ‘गणपत बिन तुकाराम’ आणि त्याच्या मागे पुन्हा ‘गणपत बिन तुकाराम’ असा क्रम लागतो. दोन माणसं एकच धरली की दोन पिढ्या गळतात. प्रत्येक नावापुढे साल आणि भावांची नावं लिहीत गेलात तर हे टळेल. दत्तकाची नोंद दिसली तर जन्माचं घर आणि दत्तक घर, दोन्ही वेगळी मांडा.

सरकारी दप्तरातून

नामावळीत नातं मिळतं, तारखा कच्च्या असतात. त्या पक्क्या करायला सरकारी कागद लागतात. उपयोगाचा क्रम माझ्या मते असा आहे.

फेरफार, म्हणजे गाव नमुना ६, सगळ्यात आधी काढा. खातेदार मेला की वारस नोंद होते. त्यात मृत्यूची तारीख, मुलगे, मुली, विधवा, कधी सावत्र नातीसुद्धा येतात. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आली, त्यामुळे फेरफारांची साखळी पकडली की पणजोबांपर्यंत सहज जाता येतं. आजच्या सातबाऱ्यावर फेरफार क्रमांक वर्तुळात दिलेले असतात, तिथून एकेक मागे जा. नाशिक जिल्ह्यातले बरेच जुने अभिलेख स्कॅन होऊन महाभूमीच्या संकेतस्थळावर आलेले आहेत. तिथे न मिळाल्यास तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करा.

दुसरं, गाव नमुना १४, म्हणजे लोकांच्या तोंडचं कोतवाल बुक. गावातले जन्ममृत्यू त्यात टिपलेले असतात. बाळाचं नाव बहुधा नसतं, फक्त ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ आणि बापाचं नाव. म्हणून आजोबांचं नाव शोधू नका. त्यांच्या वडिलांच्या नावाने अंदाजे पाच वर्षांची पानं पाहा.

तिसरं, शाळेचं जनरल रजिस्टर. जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळांत मुख्याध्यापकांना अर्ज दिला की उतारा मिळू शकतो. जन्मतारीख १ जून असेल तर ती खरी मानू नका. प्रवेशाच्या वेळी गुरुजींनी घालून दिलेली तारीख असते ती.

याशिवाय दुय्यम निबंधकांकडची खरेदीखतं, मृत्युपत्रं आणि दत्तकपत्रं, भूमी अभिलेख कार्यालयातली पक्का बुकं, आणि वतनदार घराणं असेल तर पुण्याच्या पुराभिलेखागारातलं पेशवे दप्तर. या शेवटच्या ठिकाणी गाव आणि परगणा माहीत असल्याशिवाय जाण्यात अर्थ नाही.

ज्यांची नावं या वह्यांत नाहीत

नामावळी सगळ्या समाजाचं दप्तर नव्हे. ज्या नाशिकमध्ये काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू करावा लागला, तिथल्या तीर्थाच्या वह्यांत दलित कुटुंबांची नावं शोधून निराश होण्यापेक्षा दुसऱ्या वाटा धराव्यात. महार वतनाच्या जमिनींचे कागद इथे फार मोलाचे ठरतात, कारण वतनात हिस्सा कुणाचा हे ठरवायला वंशावळी लिहिल्या जात. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ वतनं रद्द झाली आणि जमिनी मूळ वतनदारांना देण्याची तरतूद झाली, त्या प्रकरणांतही वारसांची नावं आहेत. शिवाय पलटणीतली सेवा, रेल्वे, गिरण्या, शाळेची रजिस्टरं.

ख्रिस्ती कुटुंबांनी चर्चची बाप्तिस्मा, विवाह आणि दफन रजिस्टरं पाहावीत. नाशिकच्या शरणपूर वस्तीचा संबंध असेल तर चर्च मिशनरी सोसायटीचं दप्तर इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात आहे. गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकी मुलं एकोणिसाव्या शतकात याच शरणपुरात शिकली आणि त्यांतली काही पुढे केनियातल्या फ्रेअरटाउनला गेली. त्यांच्या वंशजांना मागे येताना नाशिकच लागतं. मुस्लिम कुटुंबांना काझींच्या निकाहाच्या नोंदवह्या आणि वक्फचे कागद उपयोगी पडतात. पेठ-सुरगाण्याकडच्या आदिवासी कुटुंबांना महसूल, वन आणि शाळा या तिन्ही दप्तरांत शोध घ्यावा लागेल.

दाखल्यासाठी किंवा कोर्टासाठी हवं असेल तर

कुणबी नोंदींसाठी २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हापासून हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा महत्त्वाचा मानला जातो. समितीच्या शोधात महसूल, शाळा आणि भूमी अभिलेखांबरोबर तुरुंग, पोलीस आणि उत्पादन शुल्क खात्याच्या जुन्या नोंदवह्याही तपासल्या गेल्या. म्हणजे तुम्हीही एकाच कागदावर अडून राहू नका. नामावळीतली नोंद सहायक पुरावा म्हणून जोडा, तिच्यावर एकटीवर भिस्त ठेवू नका. आणि पूर्वजाच्या नावाची नोंद मिळाली एवढ्याने भागत नाही. त्याच्यापासून तुमच्यापर्यंतचं प्रत्येक नातं वेगळ्या कागदाने जोडावं लागतं. पडताळणीत प्रकरणं अडतात ती बहुधा याच मधल्या दुव्यापाशी.

वारसाच्या दाव्यात मृत व्यक्तीने नात्याविषयी करून ठेवलेलं लेखी विधान ग्राह्य धरता येतं. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २६ मध्ये ती तरतूद आहे. अट अशी की ते वाद सुरू होण्याआधीचं हवं. भांडण कोर्टात गेल्यावर वहीत घातलेल्या नोंदीला किंमत नसते, आणि जुन्या पानावर नव्या शाईने नाव घुसवणं हा सरळ गुन्हा आहे. कुणी पैसे घेऊन ‘नोंद करून देतो’ म्हणालं तर तिथून उठा.

तुमचे हक्क

- महसूल आणि भूमी अभिलेखांच्या प्रमाणित नकला मागण्याचा तुम्हाला अधिकार आहे. अर्जाची पोच घ्या.
- ‘रेकॉर्ड सापडत नाही’ हे तोंडी उत्तर मान्य करू नका, लेखी मागा. न दिल्यास माहिती अधिकार कायदा, २००५ खाली अर्ज करा. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नाहीतर अपील करता येतं.
- नामावळीला माहिती अधिकार लागू नाही. तिथे विनंतीच करावी लागते.
- नोंद चुकीची असेल तर ती खोडू नका, खोडायला सांगू नका. शेजारी आजच्या तारखेने दुरुस्तीची वेगळी नोंद करून घ्या.

जाण्याची वेळही विचारपूर्वक निवडा. नाशिकच्या सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आणि पहिलं मोठं स्नान २ ऑगस्ट २०२७ ला जाहीर झालेलं आहे. पर्वणीच्या सुमारास उपाध्यायांना डोकं वर काढायला फुरसत नसेल. पितृपक्षातही तीच स्थिती. ध्वजारोहणाआधी जायला जमलं तर उत्तम, नाहीतर पर्वण्या उरकल्यावर जा आणि हाताशी दोन मोकळे दिवस ठेवा, एक पंचवटीसाठी आणि एक त्र्यंबकसाठी.